बाळ येण्याआधीची कामं: आठवड्यांप्रमाणे नोंदी

आठवडा १२

नोंदींवर तारखांऐवजी गरोदरपणाचे आठवडे टाकले आहेत, म्हणजे हीच कामं काढणाऱ्या कुणालाही आपलं वेळापत्रक ताडून पाहता येईल. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, एकूण ४० आठवडे म्हणजे २८० दिवस. कामं मात्र ४० वर आखायची नाहीत. ३७ व्या आठवड्याआधीही बाळ येऊ शकतं, आणि शेवटच्या महिन्यात आईला वाकणं, उचलणं, फार वेळ उभं राहणं काहीच नको होतं. म्हणून ३६ वा आठवडा ही शेवटची मुदत धरली.

यादीचे तीन ढीग केले: धूळ-वासाची कामं (खरवडणं, रंग, नवं फर्निचर), भोकं-स्क्रूची कामं (कॉट, कपाट, पडदे, गाडीतली सीट) आणि खरेदी. कामं याच क्रमाने घ्यायची. बहुतेक घरांत उलटं होतं. इवलेसे कपडे आधी येतात आणि कपाट भिंतीला बांधायचं राहून जातं. लांबचा प्रवास असेल तर तो मधल्या महिन्यांत, रंग सुकत असतानाच उरकावा. तेवढाच वासापासूनही आराम.

आठवडा १४

खोली मोजली. पहिले किमान सहा महिने बाळाने आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट गादीवर झोपावं असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. त्यामुळे वेगळी खोली सजवायचा बेत आणि त्यावरचा खर्च पुढे ढकलला. रंग, पडदे, कॉट सगळं झोपायच्या खोलीतच.

कॉटची जागा आधी ठरवली, बाकी सामान नंतर. नेहमीच्या मापाची गादी ६० × १२० सेंमी असते, कॉट बाहेरून त्याहून चार-सहा सेंमी मोठी. फरशीवर टेपने तेवढा चौकोन आखला आणि दिवे बंद करून पलंगापासून तिथपर्यंत चालून पाहिलं. पहिल्या जागी कपाटाचं दार उघडलं की चौकोनात येत होतं. कागदावरच्या नकाशात दारं मिटलेलीच काढतो, त्यामुळे हे तिथे कळत नाही. चौकोन सरकवला.

जागा निवडताना खिडकी टाळली, डोक्यावर टांगलेली फळी किंवा फ्रेम टाळली, एसी-हीटरचा थेट झोत टाळला. हात पोचेल अशी कुठलीही वायर नको. बेबी मॉनिटरची वायरसुद्धा कॉटपासून निदान ९० सेंमी लांब. दोरीच्या पडद्यांचं काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. दोरीचा गोल फास कापून टाकला की भागेल असं वाटतं, पण कापलेल्या दोरीने पडदा नीट वर जाईना. शेवटी बिनदोरीचा पडदा लावला. एका खिडकीत तो बसत नव्हता, तिथे दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून दीड मीटरच्या वर मारली.

आठवडा १६

रंग. आधी हिशोब: भिंतींचा घेर १३ मीटर, उंची २.७ मीटर, म्हणजे ३५ चौरस मीटर. दार-खिडकीचे ४ वजा, उरले ३१. दोन हातांचे ६२. लिटरमागे एका हाताला १० चौरस मीटर धरले तर सव्वासहा लिटर. डब्यावर यापेक्षा जास्त आकडा छापलेला असतो, पण तो गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचा. खडबडीत भिंत रंग पिते. शेवटच्या भिंतीला रंग कमी पडला की नवा डबा आणावा लागतो आणि छटा किंचित वेगळी येते, म्हणून सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करून घेतले.

जुन्या रंगाचे पोपडे खरवडायचे होते, आणि खरा धोका तिथेच असतो. जुन्या घरांतल्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, कित्येक देशांत ते पुढे बरीच वर्षं चालू होतं. शिशाची धूळ पोटातल्या बाळालाही बाधते. म्हणून घर जुनं असेल तर आधी रंगाची चाचणी. शिसं निघालं तर स्वतः खरवडायचं नाही, ते काम जाणणारा माणूस बोलवायचा. धड चिकटलेला थर न उकरता वरून बंद करणं पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं. इथे चाचणीत शिसं निघालं नाही, तरी पॉलिश पेपर ओला करूनच वापरला आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून काढली. त्या दिवसांत आई घराबाहेर. नुसत्या दुसऱ्या खोलीत थांबून उपयोग नाही, धूळ दाराखालून येते.

फसलं ते ओलीच्या डागापाशी. पुट्टी लावली, दोन हात मारले, सकाळी पिवळा डाग पुन्हा हजर. तिसऱ्या हातानंतरही तेच. पाण्यात विरघळणारा डाग पाण्याच्या रंगातून वर येतच राहतो, वरून कितीही थर चढवा. पलीकडच्या नळाचा सांधा गळत होता, तो आधी दुरुस्त केला, भिंत पूर्ण वाळू दिली, डाग अडवणारा प्रायमर मारला आणि मग रंगाचा एक हात पुरला. वेळ गेला तो वाळण्याची वाट बघण्यात. हे काम तिसाव्या आठवड्यात निघालं असतं तर पुढचं सगळंच कोलमडलं असतं.

कमी वासाचा, कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग घेतला तरी खिडक्या उघड्या ठेवायच्याच. रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर सामान भिंतीला टेकवलं की चिकटतं आणि ओढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतं.

आठवडा १८

मधल्या तपासणीच्या सोनोग्राफीची वेळ घेतली (ती साधारण १८ ते २२ आठवड्यांत होते). प्रवासाची तिकिटं तिच्या नंतरची. वारेची जागा आणि बाळाची वाढ कळल्यावरच डॉक्टर प्रवासाला हो-नाही म्हणतात.

घरात मांजर आहे. मातीचा ट्रे साफ करायचं काम आजपासून बाबाकडे. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग मांजराच्या विष्ठेतून होतो, पण ती बाहेर पडल्यापासून निदान एक दिवस उलटल्यावर, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा.

आठवडा २१

प्रवास. मधली तिमाही त्यातल्या त्यात सोयीची, कारण मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून अडचणीचं झालेलं नसतं.

विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, पण ढोबळ साचा सारखा. एकच बाळ असेल आणि सगळं सुरळीत असेल तर अनेक कंपन्या ३६ व्या आठवड्यापर्यंत नेतात, जुळ्यांना त्याआधीच थांबवतात, आणि साधारण २८ व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. मेख परतीच्या तिकिटात असते. जाताना २७ वा आठवडा असेल आणि येताना २९ वा, तर पत्र लागतं, आणि ते परगावी मिळवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. निघतानाच घ्यावं. त्यात अपेक्षित तारीख, बाळ एकच आहे की जुळी, आणि प्रवासाला हरकत नाही, एवढं हवं. किती दिवस आधीचं पत्र चालतं हेही कंपनीच्या नियमात लिहिलेलं असतं, तेही बघावं.

विम्याची कागदपत्रं बारीक अक्षरांसकट वाचली. गरोदरपणातली गुंतागुंत ‘समाविष्ट’ असते, पण वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा खर्च वेगळ्या कलमात असतो किंवा नसतोच. नवजात अतिदक्षता विभागाचं बिल सगळ्यांत मोठं येतं, त्यामुळे तेच कलम आधी शोधायचं. झिका किंवा मलेरियाचा प्रादुर्भाव असलेली ठिकाणं यादीतून सरळ काढली. पीतज्वरासारख्या जिवंत लशी गरोदरपणात सहसा देत नाहीत, त्यामुळे त्या लशीची सक्ती असलेले देशही बाद.

गरोदरपणात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, लांबच्या बसण्याने आणखी. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे सकाळी, पायांना सूज यायच्या आत चढवायचे. दुपारी ते चढता चढत नाहीत. माप पोटरीच्या घेरावरून घ्यायचं, बुटाच्या नंबरावरून घेतलेला जोड गुडघ्याखाली रुतला आणि बदलावा लागला. मधल्या वाटेलगतची सीट घ्यायची, तासा-दीड तासाने उठून चालायचं, पाणी पीत राहायचं.

पट्टा विमानात असो वा गाडीत, कमरेचा भाग पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवर. खांद्याचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पट्टा पोटावरून गेला तर धक्क्याचा सगळा जोर गर्भाशयावर येतो, आणि खांद्याचा पट्टा काखेखाली सरकवला तर तो असून नसल्यासारखा. आई गाडी चालवत असेल तर छाती आणि स्टिअरिंग यांत २५ सेंमी अंतर हवं. पोट वाढेल तशी सीट मागे घ्यायची. पाय पोचेनासे झाले की चालवणं थांबवायचं.

तपासणीची फाईल सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची, आणि तिच्या सगळ्या पानांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये. मुक्कामाजवळच्या प्रसूती विभाग असलेल्या रुग्णालयाचा पत्ता निघण्याआधी लिहून घेतला.

आठवडा २५

कॉट जोडली. खोके दिवाणखान्यात उघडायचा मोह होतो, कारण तिथे जागा असते. पण जोडलेली कॉट वळणावरच्या दारातून जाईलच असं नाही, त्यामुळे जोडणी जिथे ठेवायची त्याच खोलीत.

सुटे भाग आधी मोजले. लाकडी खुंट्या, लांब बोल्ट, आणि बोल्टला आडवे बसणारे दंडगोल नट. वेळ खाल्ला तो या नटांनी. बोल्ट आत जातो, फिरतो, पण धरत नाही. कारण नटाचं भोक बोल्टच्या रेषेत नसतं. नटाच्या तोंडावर एक खाच असते, ती आतल्या भोकाची दिशा दाखवते. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने खाच बोल्टच्या रेषेत फिरवून धरायची आणि दुसऱ्या हाताने बोल्ट बोटांनीच फिरवायचा. पहिले दोन-तीन आटे बोटांनी बिनविरोध जायला हवेत. जोर लागला म्हणजे आटे तिरके बसताहेत, तिथेच थांबून मागे घ्यायचं.

ड्रिलला बिट लावून स्क्रू पिळायचे नाहीत. भुशाच्या पाटीत एकदा आटे सैल झाले की ते भोक कामातून गेलं. शेवटपर्यंत एलन कीच. आणि एक कोपरा पूर्ण कसून पुढे गेलं की चौथा कोपरा जुळत नाही. सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, चौकट सरळ उभी करायची, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने कसायचे. एक बाजूची फळी उलटी लागली होती, रंगवलेली बाजू आत आणि कच्ची कड वर. चार बोल्ट काढून फिरवली. फळीवरच्या बारीक अक्षरांचे स्टिकर जोडणी संपेपर्यंत काढू नयेत, ते याचसाठी असतात.

मग मापं तपासली. युरोपीय मानकाप्रमाणे गजांमधलं अंतर ४.५ ते ६.५ सेंमी, अमेरिकेत जास्तीत जास्त सुमारे ६. त्याहून जास्त असेल तर बाळाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. गादी एका कोपऱ्यात सरकवून समोरच्या बाजूची फट मोजायची, ती ३ सेंमीच्या वर नको. तळाच्या फळीपासून कठड्यापर्यंतची उंची वरच्या पातळीत निदान ३० आणि सगळ्यांत खालच्या पातळीत निदान ६० सेंमी. नात्यातून वापरलेली कॉट येणार असेल तर हीच मापं टेपने घ्यावीत. आणि तिची एक बाजू खाली सरकणारी असेल तर नको म्हणावं. तसल्या कॉटच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, कारण सरकणारी बाजू निसटून बाळं अडकली.

गादी घट्ट हवी. तळहात दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. मोठ्यांना ती फळीसारखी वाटते, तीच बरोबर. सेटबरोबर उशी, जाड पांघरूण आणि कठड्याला बांधायची कापूस भरलेली आवरणं आली. यांतलं काहीच कॉटमध्ये ठेवायचं नाही. असली भरीव आवरणं अमेरिकेने २०२२ मध्ये विक्रीतूनच काढली. म्हणजे सेटच्या किमतीतला बराच भाग वाया. कॉट, गादी आणि इलॅस्टिकच्या चादरी सुट्या घेतल्या तर खर्च कमी येतो. चादरी आधी एकदा धुवून पाहाव्यात. आटलेली चादर गादीचा कोपरा वर ओढते आणि मग एका झटक्यात सुटते.

आठवडा २७

खणांचं कपाट भिंतीला बांधलं. बाळ चालायला लागल्यावर बघू, असं म्हणून हे मागे पडतं. पण कपाट एकदा भरलं, वर सामान चढलं की ते कुणी हलवत नाही.

सोबत आलेला छोटा स्क्रू आणि गिट्टी भिंतीत बसली, हाताने ओढून पाहिलं तर गिट्टी गिलाव्याचा लगदा घेऊन बाहेर. गिलावा दीड-दोन सेंमी जाड होता आणि गिट्टी जेमतेम तेवढीच, म्हणजे विटेत काहीच शिरलं नव्हतं. ८ मिमीचा बिट, ८ मिमीची लांब गिट्टी, आणि गिट्टी पूर्ण विटेत जाईल एवढं खोल भोक. बिटवर हव्या त्या खोलीला टेप गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोकातली धूळ फुंकून काढायची, नाहीतर गिट्टी फिरत राहते. भिंत पोकळ असेल, आत चौकटीवर बोर्ड लावलेला असेल, तर आतल्या उभ्या बत्त्यांत स्क्रू जायला हवा. नुसत्या बोर्डात काही धरत नाही. बटणांच्या आणि प्लग पॉइंटच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, वायर बहुतेक तिथूनच जाते.

दुसरी गफलत कपाटाच्या बाजूला होते. मागची पातळ पाटी नुसत्या बारीक खिळ्यांवर बसवलेली असते. पट्टा तिच्यावर लावला तर ओढल्यावर पाटी भिंतीवर राहील आणि कपाट पुढे येईल. पट्टा वरच्या फळीच्या जाड लाकडात हवा. खाली फरशीची पट्टी असल्यामुळे कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे राहत होतं, तिथे लाकडी तुकडा भरला.

परीक्षा अशी: सगळे खण एकदम उघडायचे, वरच्या खणावर हाताने भार टाकायचा. कपाट जरासुद्धा पुढे झुकलं तर काम झालेलं नाही.

बाळाचे कपडे बदलायला वेगळं टेबल घेतलं नाही. जमिनीवर पुसता येणारी चटई ठेवली की पडायची भीतीच राहत नाही. मात्र सिझेरियन झालं तर आईला वाकवत नाही, म्हणून कपाटाच्या वर कड असलेली गादीही ठेवली आहे. तिच्यावर बाळ असताना एक हात कायम बाळावर.

आठवडा २९

कपडे, लंगोट. युरोपीय मापातला कपड्यांवरचा आकडा बाळाच्या लांबीचा असतो, म्हणजे ५० किंवा ५६ सेंमी. नवजात बाळ साधारण ५० सेंमी, पण काही आठवड्यांतच ५६ चं लागतं. म्हणून ५० चे मोजकेच, ५६ चे भरपूर, आणि ६२ चे आत्ताच नकोत, तेव्हा ऋतू कुठला असेल ते बघून. डोक्यावरून घालायच्या कपड्यांपेक्षा पुढून बंद होणारे बरे.

दिवसाला ८ ते १२ लंगोट लागतात. डायपरचं सगळ्यांत लहान माप ढीगभर आणून ठेवू नये, ते लवकर लहान होतं आणि फोडलेलं पाकीट परत जात नाही.

कापडी लंगोट दिवसाआड धुणार असाल तर २० ते २४. नवं कापड पाणी धरत नाही, कारण सुती धाग्यात नैसर्गिक तेल असतं. कोऱ्या लंगोटावर ५० मिली पाणी ओतलं तर मोत्यांसारखे थेंब होऊन ओघळून गेलं. तोच लंगोट काही वेळा गरम पाण्यात धुतल्यावर तेवढंच पाणी बघता बघता शोषून घेतलं. त्यामुळे हे धुणं आत्ताच सुरू करायचं. कपडे मऊ करणारं द्रावण टाकायचं नाही, त्याचा थर बसून कापड पुन्हा कोरडंच राहतं.

बाबागाडी दुकानात मिटवून पाहिली, डिक्कीची लांबी-रुंदी बरोबर होती, तरी आत जाईना. डिक्कीचं तोंड आतल्या जागेपेक्षा अरुंद असतं. मोजायचं ते तोंड. चाकं काढून गेली, पण दर वेळी चाकं काढावी लागणार असतील तर ती गाडी घेण्यात अर्थ नाही. लहान आकाराची घेतली.

आठवडा ३१

गाडीतली बाळाची सीट. सगळ्या यादीत पैसा घालावा तर इथे, आणि वेळ राखून ठेवावा तोही इथेच. जमल्यास सीट आपल्याच गाडीत बसवून बघितल्याशिवाय घेऊ नये, कारण एकाच सीटचं दोन गाड्यांत वेगळं वागणं असतं. वापरलेली सीट फक्त तिचा पूर्ण इतिहास माहीत असेल तर. अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसते, आत प्लास्टिकला तडा असू शकतो. मुदतीची तारीख सहसा तळाशी कोरलेली असते.

बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. बाळांच्या सीटसाठीच्या आय-साइझ म्हणजे आर१२९ नियमाप्रमाणे निदान १५ महिने, आणि सीटच्या मर्यादेत बसेल तितकं त्यापुढेही. धक्का बसला तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. पुढे तोंड असेल तर जड डोकं एकटं झेप घेतं. पुढच्या जागेवर एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीच ठेवायची नाही.

आयसोफिक्सचे (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या दांड्यांना बाळाची सीट अडकवायची सोय) हुक लावले. एका बाजूचा दर्शक हिरवा, दुसरा लालच. गादीचं कापड दांडीवर येत होतं, सीटबरोबर मिळणारे प्लास्टिकचे मार्गदर्शक घातल्यावर टक् आवाज आला. आवाजावर विसंबायचं नाही, दर्शक बघायचा. पुढचा टेकूचा पाय गाडीच्या फरशीला घट्ट टेकला पाहिजे. काही गाड्यांत मागच्या फरशीखाली सामानाचा कप्पा असतो, त्याच्या झाकणावर टेकू चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

दुसऱ्या गाडीत आयसोफिक्स नाही, तिथे पट्ट्याने. पट्टा सीटच्या दाखवलेल्याच खाचांतून, कुठेही पीळ नको. सीटवर गुडघ्याने भार द्यायचा आणि पट्ट्यातली ढील खांद्याच्या बाजूने ओढून घ्यायची. तरीही सीट हलत होती. गाडीच्या बकलची मान लांब असल्याने बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन वाकत होतं, आणि अशा स्थितीत ते धक्क्याने उघडू किंवा तुटू शकतं. यावर उपाय जोर लावणं हा नाही. सीट दुसऱ्या बाजूला नेली, तिथे बकल खोल होतं, प्रश्न मिटला.

तपासणी: पट्टा जिथून जातो तिथे एका हाताने सीट धरून हलवायची, कुठल्याही दिशेला अडीच सेंमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरची कड थोडी हलते, ते चालतं.

पाठीचा कोन. फार उभी सीट असली तर नवजात बाळाचं डोकं छातीवर पडतं आणि श्वासनलिका दुमडते. सीटच्या अंगावर पातळी दाखवणारी खूण असते. घराच्या उतारावर खूण बरोबर दिसत होती, सपाट रस्त्यावर गेल्यावर रेषेबाहेर. त्यामुळे कोन सपाट जागेवरच जुळवायचा. खाली गुंडाळलेला टॉवेल घालायचा तर उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

मग उंच माणसाला चालकाच्या जागी बसवून पाहिलं. त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट चालकाच्या मागे न घेता पलीकडे घेतली.

खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत किंवा जरा खालून निघाले पाहिजेत. बाहुली बसवून सराव केला: पट्टा गळपट्टीच्या हाडापाशी चिमटीत धरायचा, घडी हातात आली तर अजून ढील आहे. जाड कोट घालून पट्टे बांधायचे नाहीत, कोट दबतो आणि पट्टे सैल राहतात. आधी पट्टे, वरून पांघरूण. डोक्याच्या उशा, पट्ट्यांच्या गाद्या वगैरे वेगळ्या विकत मिळतात, त्या सीटबरोबर तपासलेल्या नसतात. घेऊ नयेत.

आठवडा ३३

दुधाची तयारी थोडक्यात. बाटल्या दोन-तीनच. पंप घ्यायचा की नाही ते बाळ आल्यावर ठरवता येतं. काढलेलं दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत चांगलं. फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही, आतल्या बाजूला. दार सतत उघडतं, तिथलं तापमान वरखाली होतं. त्यासाठी मागचा कप्पा रिकामा केला आणि तारीख टाकायला पेन-टेप फ्रीजवरच ठेवली. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायचं नाही, मधेच चटका बसेल एवढं गरम होतं.

पावडरचं दूध लागलंच तर पाणी निदान ७० अंशांचं, कारण पावडर निर्जंतुक नसते. कालवून, गार करून, दोन तासांच्या आत द्यायचं.

आठवडा ३५

रुग्णालयाची बॅग दारापाशी. फाईल, ओळखपत्रं, लांब वायरचा चार्जर (खाटेपासून प्लग लांबच असतो), पुढून उघडणारे कपडे, मोठे पॅड, बाळाचे दोन्ही मापांचे कपडे. एकच मोठी बॅग भरली होती, ती सोडून तीन पिशव्या केल्या: कळांच्या वेळची, नंतरची आणि बाळाची. एका बॅगेत पॅड तळाशी जातात आणि बाबाला काहीच सापडत नाही.

रस्ता दोनदा पाहिला, गर्दीच्या वेळी आणि मध्यरात्री. रात्री मुख्य दार बंद असतं, आत जायची वाट भलतीकडूनच निघाली. गाडी कुठे सोडायची तेही विचारून ठेवलं.

आठवडा ३७

रात्रीची तालीम. दिवा मंद करून बाहुलीचा लंगोट बदलून पाहिला, जागचं न हलता हाताला काय पोचतं आणि काय नाही ते कळतं. पुसायचे कपडे चुकीच्या खणात होते. कॉटच्या बोल्टांना पुन्हा एकदा एलन की लावली, दोन सैल निघाले. लाकूड बसतं, त्यामुळे हे होतंच.

आंघोळीला आधी गार पाणी, मग गरम, म्हणजे टबाचा तळ तापत नाही. पाणी ३७ अंशांच्या आसपास, कोपराने बघायचं. धुराच्या अलार्मचं बटण दाबून पाहिलं, बॅटरी मेलेली होती.

आठवडा ३९

काम उरलेलं नाही. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं वीसात एखादं, त्यामुळे तारखेच्या भोवती सुट्ट्या लावू नयेत. पहिल्या बाळाला कळा साधारण पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर, आणि तासभर तशाच राहिल्या की निघायचं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरायचं. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर कळांची वाट न बघता लगेच फोन. हे कागदावर लिहून फ्रीजवर लावलं, ऐन वेळी फोनमध्ये शोधत बसायला नको.

जन्मानंतर, दिवस ५

घरी येताना सीटच्या पट्ट्यांची खाच अपेक्षेपेक्षा एक घर खाली घ्यावी लागली. रुग्णालयाच्या दारात बाळ हातात धरून हे करणं जिकिरीचं, म्हणून पट्टे आधीच सगळ्यांत खालच्या खाचेत ठेवावेत, वर घेणं सोपं आहे. सीट झोपायची जागा नाही. घरी पोचलं की बाळ बाहेर, सपाट गादीवर. लांबच्या रस्त्यात दोन तासांच्या आत थांबायचं.

शी-शूची वही चालू केली आहे. पहिल्या दिवशी निदान एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट, मग पिवळी. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजनावर परत यायला हवं. डायपर जास्त शोषणारा असेल तर ओला झालाय की नाही ते हाताला कळत नाही. सुरुवातीला तुलनेसाठी कोऱ्या डायपरमध्ये दोन-तीन मोठे चमचे पाणी ओतून वजन हातात घेऊन बघावं. नाळेच्या टोकावर डायपरची कड घासत होती, ती पुढून खाली दुमडून घेतली. टोक एक ते तीन आठवड्यांत आपसूक गळतं, तोवर कोरडं ठेवायचं. थर्मामीटर बदलायच्या गादीपाशी आहे: तीन महिन्यांच्या आत ताप ३८ अंश किंवा वर गेला तर औषध देत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

जन्मानंतर, आठवडा ४

५० चे कपडे बाद झाले. सीटचे पट्टे एक खाच वर घेतले. खाच बदलल्यावर पट्टे मागून पिळलेले राहतात, ते सरळ करून चिमटीची तपासणी पुन्हा केली.

पुढचं काम आत्ताच लिहून ठेवतो. कॉटचा तळ वरच्या पातळीवर आहे. बाळ हातांवर जोर देऊन उठू किंवा बसू लागायच्या आधी तो खाली उतरवायचा. एलन की, जास्तीचे बोल्ट आणि जोडणीचा कागद एका पाकिटात घालून बांधलेल्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे.